जोडणी आणि जुळणी
(कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें अल्पचरित्र)

गेल्या दिवाळीच्या सुटींत आपल्या छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे वडील मंडळींच्या तोंडीं अजून असलेल्या औरंगाबादेंत, मोंढ्याच्या बाजूस एका गॅरेजांत जाण्याचा आम्हांस प्रसंग आला. तेथें एक फार जुना मालट्रक उभा होता. त्याच्या मालकानें तो केवळ हौसेखातर दुरुस्तीस दिला होता. सहा सिलिंडरांचें त्याचें इंजिन पूर्णपणें उकलून, पिस्टनवर नव्या कड्या चढवून, झडपा घासून आपापल्या बैठकींवर नीट बसवून पुन्हां जोडण्यांत आलें होतें. आमची समजूत अशी कीं, जोडणी झाली म्हणजे काम संपलें. परंतु तेथील वृद्ध उस्तादांच्या लेखीं खरें काम आतां कोठें सुरू होत होतें. त्यांनीं इंजिन कांहीं वेळ चालवून चांगलें तापविलें, हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमानें पुन्हां आवळले, आणि मग ते टॅपेट लावावयास बसले.

टॅपेट लावणें म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. प्रत्येक सिलिंडरास दोन झडपा असतात. एकींतून हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत येतें, दुसरींतून जळालेला धूर बाहेर जातो. झडप उघडणारा दांडा व झडपेचें टोंक यांमध्यें कागदाएवढी फट मुद्दाम ठेवावी लागते. कारण तापल्यावर लोखंड लांबतें, आणि त्या लांबण्यास जागा पाहिजे. ही फट बहुधा एका इंचाचे दहा ते वीस हजारांश इतकीच असते, आणि धुराची झडप अधिक तापत असल्यामुळें तिला बहुधा अधिक सोडावी लागते. नेमकें माप कारखानदाराच्या पुस्तकांत दिलेलें असतें. फट कमी पडली तर झडप पुरती मिटत नाहीं, जळता वायु तिच्या कडेनें निसटतो व ती कड जळून जाते. फट फार झाली तर इंजिन टकटक वाजतें आणि झडप पुरेशी उघडत नाहीं. यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, सैल झडप ओरडून आपला दोष सांगते, पण फाजील आवळलेली झडप मुकाट्यानें जळते.

उस्ताद हातानें इंजिन फिरवीत होते. सहाव्या सिलिंडराची एक झडप मिटत असून दुसरी उघडूं लागली आहे असें दिसलें कीं, ते पहिल्या सिलिंडराकडे वळत; कारण त्या क्षणीं पहिल्याच्या दोन्ही झडपा पूर्ण मिटलेल्या असतात. मग पोलादाची पातळ पट्टी, जिला फीलर गेज म्हणतात, ती फटींत सरकवून बोटांस हलकी ओढ लागेपर्यंत स्क्रू फिरवावयाचा, आणि तो न हलूं देतां नट आवळावयाचा. नट आवळतांना माप बिघडलें तर पुन्हां पहिल्यापासून. बारा झडपांस त्यांनीं जवळ जवळ दोन तास घेतले. त्यांच्या हाताखालीं साहाय्य करणारा मुलगा आमच्याच शाळेचा विद्यार्थी आहे हें पाहून आम्हांस नवल वाटलें, आणि खरें सांगावयाचें तर समाधानही वाटलें.

पुढें शाळा सुरू झाल्यावर त्या मुलाचे वडील आम्हांस भेटले. मुलगा सुटीभर हात काळे करून आला, अभ्यासांत त्याचा जीव रमत नाहीं, त्यास यंत्रांचाच नाद लागला आहे, तेव्हां त्याचें पुढें कसें होणार, अशी त्यांची चिंता होती. त्यांची चिंता खोटी नव्हती. त्या वेळीं आम्ही त्यांस पुरतें उत्तर देऊं शकलों नाहीं. तें उत्तर आज एका थोर पुरुषाच्या चरित्राच्या रूपानें देत आहों.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर या गांवीं झाला. वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. विद्वत्तेचा मान असलेल्या अशा घरांत या मुलाचें मन मात्र पाठांतरांत रमेना. त्यास दोनच गोष्टी आवडत: चित्रें काढणें आणि यंत्रें उकलून पाहणें. त्या काळीं या दोहोंपैकीं एकही गोष्ट पोट भरण्याचें साधन समजली जात नसे. घरच्या मंडळींस त्याच्या भवितव्याची काळजी वाटली यांत आश्चर्य नाहीं. परंतु थोरले बंधु रामचंद्रपंत, ज्यांस सर्वजण रामुअण्णा म्हणत, त्यांनीं धाकट्या भावाचा कल ओळखला, आणि त्यांच्या आधारावर लक्ष्मणराव १८८५ सालीं मुंबईस सर जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले.

तेथें दोन वर्षें झालीं असतील नसतील, तों एक विलक्षण संकट उभें राहिलें. त्यांच्या डोळ्यांस कांहीं रंगांमधील भेद नीट ओळखूं येत नाहीं, असें आढळून आलें. चित्रकार होऊं इच्छिणाऱ्या तरुणास याहून मोठा आघात कोणता असूं शकेल? दोष असा कीं, त्यास औषध नाहीं. दुसरा एखादा निराश होऊन घरीं परतला असता. लक्ष्मणरावांनीं मात्र आपल्याजवळ काय उरलें आहे याचा हिशेब केला. रंग गेले, पण रेघ शिल्लक होती. यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्यास रंगांची आवश्यकता नसते. तेथें नजर अचूक व हात स्थिर पाहिजे, आणि तीं दोन्ही त्यांच्यापाशीं होतीं. त्यांनीं रंगाचा ब्रश ठेवून यंत्ररेखनाचा अभ्यास हातीं घेतला. लवकरच मुंबईंतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या नव्या संस्थेंत तोच विषय शिकविण्याची नोकरी त्यांस मिळाली.

येथें त्यांचें दुसरें शिक्षण झालें. ते शिक्षक होते खरे, परंतु संस्थेच्या कार्यशाळेंत विद्यार्थ्याच्याच वृत्तीनें वावरत. यंत्र कागदावर काढावयाचें तर तें हातानें उकलून पाहिलें पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. इंग्रजी पुस्तकें वाचावीं, वाचलेलें यंत्रावर पडताळून पाहावें, असा त्यांचा क्रम असे. त्याच सुमारास मुंबईंत सायकल हें वाहन नवीन होतें. लक्ष्मणरावांच्या मनांत आलें कीं, हें यंत्र बेळगांवासही विकतां येईल. १८८८ मध्यें दोघां भावांनीं बेळगांवांत ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नांवाचें लहानसें दुकान काढलें. मुंबईहून सायकली खरेदी करून धाकट्यानें पाठवाव्या आणि थोरल्यानें त्या विकाव्या, गिऱ्हाइकास सायकलवर बसावयास शिकवावें, बिघडली तर दुरुस्त करून द्यावी, असा तो व्यवहार होता. पुढें जगभर पोंचलेल्या एका उद्योगाचें मूळ हें असें सायकलीच्या दुकानांत आहे.

मुंबईची नोकरी बरी चालली होती. परंतु १८९७ च्या सुमारास संस्थेंत वरची जागा रिकामी झाली, त्या वेळीं लक्ष्मणरावांचा हक्क असतां ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली. योग्यतेपेक्षां वर्णाकडे पाहण्याची ती रीत त्या काळच्या राज्यांत सर्रास होती, आणि पोटाकडे पाहून पुष्कळ जण ती मुकाट्यानें सोशीत. वर सांगितलेली आवळलेली झडप जशी न वाजतां जळते, तशी कित्येकांचीं आयुष्यें त्या रीतीखालीं जळून गेलीं. लक्ष्मणरावांनीं तें होऊं दिलें नाहीं. त्यांनीं राजीनामा दिला व ते बेळगांवास भावाकडे निघून आले. मासिक पगार सोडून दुकानाच्या भरंवशावर जगणें हें पांढरपेशा कुटुंबास त्या काळीं वेडेपणाचें वाटण्यासारखें होतें, हें आजच्या वाचकांनीं विसरूं नये.

आतां दुसऱ्यांच्या मालाची विक्री करण्यावर त्यांचें समाधान होईना. स्वतः कांहीं बनवावें ही उर्मि बळावली. शेतकऱ्याच्या गोठ्याकडे पाहून त्यांनीं प्रथम कडबा कापण्याचें यंत्र तयार केलें. त्यानंतर ते नांगराकडे वळले. आपल्याकडील लाकडी नांगर जमीन चिरीत जातो. लोखंडी नांगर ती खोल खणून उलथून टाकतो, त्यामुळें हरळीसारखें चिवट तण मुळासकट वर येतें. विलायती नांगर पाहून त्यांनीं आपल्या जमिनीस व बैलांस मानवेल असा नांगर घडविला. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडानें जमिनीस विष बाधतें, अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. पहिल्या नांगरांस गिऱ्हाईक मिळण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं.

या दोन वर्षांचा विचार केला म्हणजे आम्हांस त्या उस्तादांची आठवण होते. नांगर जोडून झाला होता. तो माणसाशीं जुळावयाचा राहिला होता. शेतकरी अडाणी म्हणून त्यास नांवें ठेवणें सोपें होतें. परंतु ज्याचें सारें वर्ष एका पिकावर अवलंबून असतें, तो नव्या अवजारास भितो यांत गैर काय? एकदां चुकलें तर उपाशी राहावयाचें तें त्याच्याच मुलांनीं. लक्ष्मणरावांनीं त्याच्याशीं वाद घातला नाहीं. शेतांत नांगर चालवून दाखवावा, उलथलेली माती ज्याची त्यानें पाहावी, आणि निर्णय त्याच्यावर सोपवावा, ही वाट त्यांनीं धरली. ती वाट लांबची होती, पण अखेरीस तीच पोंचविणारी ठरली. लोखंडी नांगरास मागणी येऊं लागली.

धंद्यास बरे दिवस येत आहेत तोंच आणखी एक आघात झाला. शहराच्या वाढीसाठीं कारखान्याची जागा सोडण्याची नोटीस बेळगांवच्या नगरपालिकेनें त्यांस दिली. यंत्रें, माणसें, उधारी आणि अर्धवट माल घेऊन जावें कोठें? अशा वेळीं औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे त्यांच्या मदतीस धांवले. औंध येथें देवळाच्या सभामंडपाचें काम लक्ष्मणरावांकडे आलें होतें. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते, आणि त्यांना या माणसाची पारख होती. त्यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळील बत्तीस एकर माळ कारखान्यासाठीं दिला व बिनव्याजी कर्जही दिलें. १९१० सालीं लक्ष्मणराव आपल्या मोजक्या सहकाऱ्यांसह त्या माळावर जाऊन राहिले.

तो माळ म्हणजे निवडुंगाचें रान. साप मुबलक, पाणी दुर्मिळ, राहावयास घर नाहीं. मंडळींनीं प्रथम तंबूंत व झोपड्यांत संसार मांडले. निवडुंग तोडला, शेड उभारल्या, भट्टी पेटविली. त्यांच्या पत्नी राधाबाई व इतर स्त्रिया यांनीं सोसलेले हाल या कहाणींत पुरुषांच्या कष्टांहून कमी मोलाचे नाहींत. कारण कारखाना चालण्यापूर्वीं चूल चालावी लागते. पाहतां पाहतां तेथें वस्ती झाली, शाळा झाली, बाग झाली, आणि स्टेशनाचेंही नांव बदलून किर्लोस्करवाडी झालें. आज सांगली जिल्ह्यांत असलेल्या त्या गांवावरून जाणाऱ्या प्रवाशास, येथें एके काळीं सापांचें राज्य होतें असें सांगितलें तर खरें वाटणार नाहीं.

या वसाहतींतील एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. दरोडेखोरीबद्दल शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांस लक्ष्मणरावांनीं कारखान्याचे पहारेकरी नेमिलें. लोकांनीं भय दाखविलें, चेष्टा केली. परंतु ज्यास कोणीच विश्वासानें जवळ करीत नाहीं, त्याच्या हातीं किल्ली दिली तर तो माणूस बदलतो, असा त्यांचा अनुभव ठरला. अस्पृश्यता मानावयाची नाहीं हाही वाडीचा नियम होता, आणि तो ज्या काळीं पाळला गेला त्या काळीं त्याबद्दल शिव्याशापच मिळत. झडपेस लांबण्यापुरती जागा ठेवावी लागते, तशी माणसासही सुधारण्यापुरती जागा ठेवावी लागते. ज्यास ती कोणी ठेवीत नाहीं, तो सुधारावयाचा कसा?

पुढें १९१४ मध्यें पहिलें महायुद्ध सुरू झालें. परदेशी नांगर येईनासे झाले, त्यामुळें मागणी वाढली. परंतु लोखंड व कोळसा यांचाही दुष्काळ पडला. जें मिळेल त्यावर भागवीत कारखाना तगला, आणि १९२० सालीं त्याची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षीं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक काढलें. त्यांतूनच पुढें ‘किर्लोस्कर’ हें सुप्रसिद्ध मासिक झालें. १९३० सालीं ‘स्त्री’ व १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं भावंडें त्यास मिळालीं. नांगर घडविणाऱ्या गांवानें मराठी वाचकाचें मनही नांगरलें, हें भाग्य थोड्याच कारखान्यांच्या वांट्यास आलें असेल.

१९२२ मध्यें वडील चिरंजीव शंतनुराव व पुतणे माधवराव यांस अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या विख्यात संस्थेंत शिकण्यास पाठविण्यांत आलें. माधवराव तेथेंच क्षयानें वारले. एक मुलगा शिकून परत आला, एक कधींच आला नाहीं. त्या दुःखाची खोली आम्ही शब्दांनीं मोजूं इच्छीत नाहीं. १९२६ मध्यें परतलेल्या शंतनुरावांनीं कामास खांदा दिला, आणि नांगराच्या जोडीस उसाचे चरक, पंप, लेथ अशीं अनेक यंत्रें वाडींत होऊं लागलीं. ज्या लेथवर दुसरीं यंत्रें घडतात, तो लेथच आपल्या माणसांच्या हातून घडूं लागणें ही केवढी मजल! हजारांश इंचाची भाषा त्या माळावरच्या शेतकऱ्यांच्या मुलांस अवगत झाली, ती याच कामांत.

१९४६ सालीं पुणें येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. सायकलीच्या दुकानापासून निघालेली वाट आतां डिझेल इंजिनापर्यंत आली. आपल्या मराठवाड्यांतील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या आजोबांनीं विहिरीवर बैलांची मोट चालविलेली असेल. मोटेच्या जागीं जेव्हां ऑइल इंजिन व पंप आले, तेव्हां बैलांचे कष्ट वांचले व भिजणारें क्षेत्र वाढलें. विहिरीवरील त्या इंजिनासही झडपा असतात, आणि त्याही कोणी तरी पातळ पट्टी घेऊन जुळवाव्याच लागतात. ट्रक असो कीं पाण्याचें इंजिन असो, तत्त्व एकच.

आयुष्याच्या संध्याकाळीं लक्ष्मणरावांनीं आपला कारखाना देशभर फांद्या फुटलेल्या वृक्षासारखा पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं, वयाच्या ८८ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. जन्मशताब्दीच्या दिवशीं, २० जून १९६९ रोजीं, भारत सरकारनें त्यांच्या सन्मानार्थ टपालाचें तिकीट काढलें. ज्या मुलाच्या भवितव्याची घरच्यांस चिंता वाटे, त्याचें चित्र देशाच्या पत्रांवर घरोघर गेलें.

असो. हें चरित्र वाचून प्रत्येक मुलानें पुस्तकें फेंकून गॅरेज गांठावें, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. लक्ष्मणरावांनीं पुस्तकें सोडलीं नव्हतीं. पुस्तकांतलें हातानें पडताळून पाहिलें, एवढेंच. उस्तादांच्या पट्टीवरील आंकडे वाचतां आले नसते तर आमच्या विद्यार्थ्यास त्या दिवशीं स्क्रूस हात लावतां आला नसता. फट कां ठेवावी हें ज्यास कळतें व ती ठेवतांही येते, त्याचेंच ज्ञान पुरें. तसेंच, मुलाच्या आवडीमागें जाणाऱ्या प्रत्येक घरास रामुअण्णा लाभतील, अशी खात्री कोणी देऊं शकत नाहीं. परंतु रामुअण्णा नसते तर लक्ष्मणराव झाले नसते, ही गोष्ट मात्र खात्रीची आहे.

म्हणून त्या चिंताग्रस्त वडिलांस आमचें उत्तर हें. आपल्या मुलाचे हात काळे झाले, पण त्या दोन तासांत चुकलेलें माप पुन्हां पहिल्यापासून घेण्यास तो कंटाळला नाहीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. जो हा धीर गणितांतही दाखवील, त्याच्याबद्दल निराश होण्याचें कारण नाहीं. येथून जवळच चिकलठाणा येथें एस. टी. ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. या शहराभोंवतीं वाहनांचे कारखाने आहेत. तंत्रशिक्षणाच्या संस्था आहेत. माळावर निवडुंग तोडीत बसण्याची पाळी आज त्याच्यावर येणार नाहीं. त्यास अभ्यासाची शिस्त अवश्य लावावी. परंतु स्क्रू इतकाही आवळूं नये कीं, तापल्यावर लांबण्यास त्यास जागाच उरणार नाहीं.

त्या दिवशीं बाराही झडपा जुळल्यावर उस्तादांनीं इंजिन पुन्हां सुरू केलें. तें एका लयींत चालूं लागलें. मंडळींस आनंद झाला. उस्ताद मात्र कान देऊन ऐकत राहिले, आणि गाडी थोडी रस्त्यावर फिरून आली कीं सर्व फटी पुन्हां तपासावयाच्या आहेत असें सांगून त्यांनीं ती पट्टी पुसून खिशांत ठेवली. आमचा विद्यार्थी त्या दिवशींही तेथें हजर राहणार होता.